दामू, तुझ्या पानात वाढायचं राहिलं

दामू,

तुझ्या तेराव्याला भाताची बादली मी घेतली. तुझा पुतण्या धावत आला, म्हणाला, "नारायणकाका, तुमी बसा. माजी आमदार हाय तुमी, लोकं काय म्हनतील?" मी म्हटलं, लोकांना म्हणू दे काय म्हणायचं ते, मिसरूड फुटल्यापासून ह्या माणसाबरोबर पंगती वाढल्यात, ही एक कशी सोडू? बादली तीच, तुमच्या घरची पितळेची, एका बाजूची कडी सैल झालेली. साऱ्या मतदारसंघाच्या मोऱ्या नि साकव दुरुस्त करून घेतलेस, घरच्या बादलीची कडी तेवढी तशीच ठेवलीस. माझा अंगठा दोनदा चिमटला आणि दोन्ही वेळा मी तुला मनातल्या मनात शिवी हासडली. रडू आलं ते त्यानंतर. अंगठ्याचं निमित्त सापडलं, बरं झालं.

वर्तमानपत्रात तुझ्यावर चार ओळी आल्या. मनमिळाऊ, साधी राहणी, जनतेचा कैवारी वगैरे. फोटो तो टोपी वाकडी असलेला. निवडणुकांचा तपशील एका वाक्यात उरकला आहे, एकदा पराभव, दोनदा विजय. पराभव कुणी केला ते लिहिलेलंच नाही! तुला पाडणारा उभ्या महाराष्ट्रात एकच माणूस, आणि त्याचं नाव गाळलं. तू असतास तर ते कात्रण घेऊन जीपनं माझ्या दारात आला असतास आणि माझ्या नाकासमोर नाचवलं असतंस. म्हणून म्हटलं, तपशील आपणच लिहावा. त्यात एक गोष्ट अशी आहे की जी मी तुला तोंडावर सांगायला हवी होती, आणि सांगितली नाही.

आपली गाठ पडली ती पंगतीत. तू आंबेवळणचा, मी शेजारच्या गावचा. लग्न कुठल्याही गावात असो, वाढायला आपण दोघं ठरलेले. भात तुझ्याकडे, वरण माझ्याकडे. वाढप्यांनी सगळ्यांत शेवटी जेवायचं हा आपल्याकडचा नियम, आणि त्याहून कडक नियम हा की आपल्या हातानं आपल्या पानात काही घ्यायचं नाही. भुकेनं जीव गेला तरी चालेल, पण दुसरा कुणी वाढेपर्यंत हात मांडीवर. तू मला वाढायचास, मी तुला. तू असा काही भाताचा ढीग घालायचास की पलीकडे तू बसलेला दिसायचा नाहीस.

एका लग्नात कोठीतले लाडू गायब झाले होते, आठवतं? नवरीच्या मामानं आपल्याला उभं करून विचारलं. मी म्हटलं, आम्ही नाही खाल्ले. मामा जवळजवळ फसलाच होता, पण तू फिस्सकन हसलास. बाहेर आल्यावर मी चिडलो तर म्हणालास, "अरे, खोटं बोलताना तुजा डावा हात मिशीला जातो. अजून धड मिशी आलेली न्हाय, तरी जातो." त्यानंतर मी पुष्कळ वर्षं हात खिशात ठेवून बोलायचो.

पुढे मी भिवंडीत येऊन कापड विणायचे चार लूम टाकले, तू भातशेतीत राहिलास. मी एका पक्षात गेलो, तू दुसऱ्या. तालुक्यातली लोकं आपल्याला ओळखत होती ती वाढपी म्हणून, पुढारी म्हणून नव्हे. सदुसष्ट साली दोन्ही पक्षांना एकाच वेळी एकच अक्कल सुचली आणि आपल्या दोघांना एकमेकांसमोर उभं केलं. गावांत पैजा लागल्या, ह्यांची मैत्री किती दिवस टिकते म्हणून. अर्ज भरून तू सरळ माझ्या घरी आलास, ओट्यावर बसलास आणि म्हणालास, "नाऱ्या, भांडायचं तं जोरात भांडू. मिळमिळीत नको."

आणि भांडलो की! भर सभेत मी म्हटलं, दामूला अंदाजपत्रक उलटं धरलेलं सुलटं कळणार नाही. तू पुढच्या गावात उत्तर दिलंस की नारायणशेठला कापडातले धागे मोजता येतात, समोरची माणसं मोजता येत नाहीत. शेठ म्हणालास मला! चार लूमचा मालक, त्यातला एक कायम बंद, आणि शेठ. आमची ही ते ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. हिचं काय, तू तिचा भाऊबीजेचा भाऊ. "माझं मत दामूभाऊला," असं तिनं मला तोंडावर सांगितलं आणि तिन्ही निवडणुकांत पाळलं. उमेदवाराच्या घरात विरोधकाचं हक्काचं मत, असा मतदारसंघ दुसरा नसेल.

मतदानाच्या दिवशी भर दुपारी तू गावाकडून आमच्याकडे जेवायला आलास. बाहेर माझे कार्यकर्ते तुझ्या जीपकडे संशयानं बघताहेत आणि आत तू भाकर मोडतो आहेस. जेवता जेवता सहज बोलल्यासारखं म्हणालास, "तुज्या पानात वाढून आलो रे. तू मना वाढलंस?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "वेडा का खुळा तू? उमेदवार स्वतःला मत देतो. मी माझ्याच नावावर शिक्का मारला."

तू खरोखर बुचकळ्यात पडलास. "आपल्या हातानं आपल्याच पानात? लाज न्हाय वाटली?"

मला वाटलं, थट्टा करतोस. मतमोजणीला कळलं की थट्टा नव्हती. आंबेवळण म्हणजे सगळे तुझे भाऊबंद. त्या गावच्या पेटीतून माझ्या नावाचं मत निघालं, एक. एकच! मी थोडक्यात निवडून आलो, एका लग्नाच्या पंगतीत मावतील एवढ्या मतांनी. तुझं मत तुला पडलं असतं तरी मीच आलो असतो. पण तुमच्या गावाला निकालाचं दुःख राहिलं बाजूला, फितूर कोण याचा तपास सुरू झाला. संशय गेला गावातल्या एका बिचाऱ्या घरजावयावर, कारण तो एकदा माझ्या लूमवर चहा प्यायला होता. त्याचं पाणी तोडायची वेळ आली तेव्हा तू मारुतीच्या देवळापुढे उभा राहून सांगितलंस, "त्याला कशाला धरता? ते मत माजं हाय." तुझा चुलता होळीपर्यंत तुझ्याशी बोलला नाही.

ह्यावरून आपण किती भांडलो, दामू. मी म्हणायचो, मत म्हणजे भात नव्हे, तो आपला अधिकार आहे, आणि पक्षानं तुला तिकीट दिलं ते मला मत द्यायला नाही. तू म्हणायचास, पक्षाला बाकीच्यांची मतं आणून देईन, त्यासाठी उन्हातान्हात पाय झिजवीन, पण माझं स्वतःचं मत कुणाला वाढायचं ते मी ठरवीन. "लोकांनी वाढलं तं पोटभर खाईन. पन स्वतः घ्यायचं न्हाय." ह्याचं उत्तर मी अजून शोधतोय, आणि तू नाहीस म्हणून मी हरलो असं मुळीच समजू नकोस.

बहात्तर साली तू मला पाडलंस. चांगलं सडकून पाडलंस. मी तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतो. चौथ्या दिवशी सकाळी तू दारात, काखेत शाळकरी वही. "मना काय बी समजत न्हाय. तितं कुटं बसायचं, कवा उठायचं, काय बोलायचं, समदं सांग." ज्यानं मला पाडलं त्याला मी आमदारकी शिकवायची! मी रागानं म्हटलं, तुझ्या पक्षात कुणी नाही का? तू म्हणालास, "हाईत. पन ते हसतील. तू नुसता शिव्या देशील." मग मी अंथरुणातून उठलो. तारांकित प्रश्न म्हणजे काय, अध्यक्ष उभे राहिले की आपण खाली बसायचं, मंत्र्यानं "विचाराधीन आहे" असं म्हटलं की त्याचा अर्थ नाही असा घ्यायचा, सगळं सांगितलं. तू बोट लावून लावून लिहून घेतलंस. दुपारी जेवताना माझ्या लक्षात आलं की तीन दिवसांचा रुसवा कुठे गेला ते मला कळलंच नाही. ते तू मुद्दाम केलंस की तुला खरंच काही येत नव्हतं, हे विचारायचं राहिलं.

विजेच्या प्रश्नावर बोलायचं होतं तेव्हा तू माझ्या लूमवर येऊन एक अख्खी शिफ्ट उभा राहिलास. शेतकरी माणूस, त्या खडखडाटात कानावर हात ठेवून उभा. रहमतचाचांनी, लूमची देखभाल बघणाऱ्या आमच्या जॉबरनी, तुला सगळं दाखवलं. धागा तुटला की काय करायचं ते शिकवलं. मधेच वीज गेली, लूम थांबले. परत आली तेव्हा चाचांनी तुझं बोट कापडावर ठेवलं आणि म्हणाले, "देखो साहब, जहाँ रुका था, वहाँ पट्टा आ गया. अब ये माल कोई नहीं लेगा." तू तो तुकडा मागून घेतलास. विधानसभेत भाषणाच्या मध्येच खिशातून काढून फडकवलास. अध्यक्षांनी तो खाली ठेवायला लावला तेव्हा म्हणालास, "अध्यक्ष महाराज, मी खाली ठेवतो, पण हा पट्टा काही जात नाही." मी प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो, तूच पास काढून दिला होतास. माझ्या टर्ममध्ये मी विजेवर आकडेवारीसकट मोठी दोन भाषणं केली होती, ती कुणाला आठवत नाहीत. तुझा तुकडा सगळ्यांना आठवतो. मी जळलो, दामू, आणि टाळ्याही वाजवल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या नसतात. शिपायानं मला दटावलं. रहमतचाचा नंतर कितीतरी दिवस विचारायचे, "वो आमदार है या अपना जॉबर?"

आणि एसटी! आंबेवळणला एसटी यावी असा पहिला अर्ज मी माझ्या टर्ममध्ये केला होता आणि दोनदा हेलपाटे घालून सोडून दिला होता. तू पाच वर्षं त्याच्या मागे लागलास. गाडी सुरू व्हायच्या दिवशी तू सकाळी मला घरून उचललंस. हार घातलेली गाडी उभी, बँडवाले उभे, तुझे कार्यकर्ते नारळ घेऊन उभे, आणि तू मला ड्रायव्हरमागच्या पहिल्या बाकावर बसवलंस. तुझ्या पक्षाच्या लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. तू दारात उभं राहून सांगितलंस, "अर्ज ह्याचा हाय. मी नुस्ता मागं लागलो." गावाच्या वळणावर म्हाताऱ्या बायका आरती घेऊन आल्या आणि पहिल्या खिडकीत मी बसलेला बघून त्यांनी मलाच ओवाळलं. तू मागच्या बाकावरून हसत होतास. इतका आनंद मला स्वतः निवडून आलो तेव्हा झाला नव्हता.

आता ती गोष्ट सांगतो.

बहात्तरला मतदानाच्या दिवशी तू नेहमीसारखा दुपारी जेवायला आलास. पाटावर बसलास, भाकर मोडलीस आणि विचारलंस, "मी वाढून आलो. तू वाढलंस?" देवळापुढची ती सगळी कथा मला ठाऊक होती. सकाळी मी केंद्रात गेलो होतो आणि माझ्याच चिन्हावर शिक्का मारून आलो होतो. "नाही" म्हणायची ह्या वेळी लाज वाटली. मी म्हटलं, "वाढलं."

तू आणखी एक भाकर मागून घेतलीस.

अठ्ठ्याहत्तरला मी ठरवूनच गेलो होतो. खरं सांगतो. कागद पुढ्यात, शिक्का हातात, तुझ्या चिन्हावर हात नेला. मग वाटलं, आणि ह्या एका मतानं पडलो तर? हात आपोआप माझ्या चिन्हावर गेला. पुन्हा सडकून पडलो ती गोष्ट वेगळी. दुपारी तू विचारलंस, मी म्हटलं, "वाढलं." तू मान डोलावलीस आणि म्हणालास, "लोणचं बरं झालंय औंदा."

तू गेलास तेव्हा पहिल्यांदा हेच मनात आलं. ह्या माणसानं तीन वेळा मला वाढलं, आणि मी दोन वेळा खोटं बोलून त्याला रिकाम्या पानावर बसवलं. कबूल करायला म्हणून येणारच होतो, पण पुढच्या निवडणुकीला अजून वर्षं आहेत म्हणून राहिलो.

तेराव्याच्या पंगती उठल्या. वाढपी बसले. मीही पाटावर बसलो आणि पान पुढे ओढलं. बाकीच्या पोरांनी एकमेकांना वाढून घेतलं. माझ्या शेजारचा पाट रिकामा. कुणाच्या लक्षातच आलं नाही, दामू, की मला वाढणारा तू असायचास. बादली माझ्या हाताशीच होती. भूक लागली होती, अंगठा ठणकत होता. मी विचार न करता बादलीत हात घातला.

"काका! आपल्या हातानं?"

तुझी लेक सुलू. शाळेतल्या पोरांना दटावते त्या आवाजात. माझ्या हातातून बादली घेतली आणि वाढायला लागली. ढीग, अगदी तुझ्यासारखा. मग समोरच्या पाटावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पक्षाचे लोक आले होते. पोटनिवडणुकीला मी उभं राहावं म्हणतात."

मला ते कळलं होतं. माझ्याकडेही माझी माणसं येऊन गेली होती. निम्मे म्हणतात, आता जागा आपलीच, तुम्ही उभे राहा. निम्मे म्हणतात, पोर बापाच्या दुःखात आहे, बिनविरोध जाऊ दे. मी तिला म्हटलं, "सुलू, तू उभी राहा. मी नाही राहत."

"का?"

"तुझ्या बाबांचं माझ्याकडे एक राहिलंय." आणि भाताकडे बघत बघत मी सगळं सांगून टाकलं. दोन्ही वेळचं.

ती हसायला लागली. तेराव्याच्या मांडवात, पदर तोंडाला लावून. म्हणाली, "काका, बाबांना माहीत होतं. पहिल्याच वेळी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. नाऱ्याच्या उजव्या हातात भाकर होती, तरी डावा हात मिशीला गेला म्हणून."

माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, "मग तिसऱ्या वेळी कशाला दिलं मला?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, तो मना वाढत न्हाय म्हनून काय त्याला उपाशी ठेवू?"

दामू, मी तुझ्या मांडवात रडलो आणि हसलो, दोन्ही एकदम, आणि वरण नाकात गेलं. लबाडा, सात वर्षं माझी लबाडी पदरात घेऊन माझ्या घरच्या भाकरी खाल्ल्यास, लोणच्याची तारीफ केलीस आणि एका शब्दानं मला लाजवलं नाहीस. तुझ्याएवढं सुख मला कुठल्याही मैत्रीनं दिलं नाही. हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "भाषान नको, जेव."

सुलू उठताना म्हणाली, "उभे राहा, काका. बिनविरोध नको. बाबा म्हणाले असते, भांडायचं तर जोरात भांडा. आणि माझं मत तुम्हाला. आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे."

तेव्हा मी उभा राहतोय. अर्ज आमच्या हिनं आत्तापासून कपाटातून काढून ठेवलाय. तिचं स्वतःचं मत सुलूला देणार हेही तिनं सांगून टाकलंय. सभेत मी तुझ्या लेकीला सोडणार नाही. खडूनं फळ्यावर लिहिणं वेगळं आणि सभागृहात उभं राहणं वेगळं, असं पहिलंच वाक्य जुळवून ठेवलंय. तीही तुझीच आहे, माझ्या बंद लूमवर काहीतरी लागट बोलेलच. गावोगाव फिरू, घसा बसेपर्यंत ओरडू, आणि निवडून यायचा मी जिवापाड प्रयत्न करीन. निवडून आलो तर तुझ्या बादलीची कडी पहिल्यांदा दुरुस्त करून घेईन. पडलो तर चौथ्या दिवसाची वाट न बघता, दुसऱ्याच दिवशी सुलूला वही घेऊन यायला सांगीन.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी केंद्रात जाईन. कागद पुढ्यात येईल. ह्या वेळी हात कुठे जायचा ते पक्कं आहे, आणि सुलूला हे आधी कळू द्यायचं नाही, एवढं तू सांभाळ.

दुपारी तुझा पाट मांडून ठेवतो. ये. बस. नेहमीसारखं विचार.

दोन्ही हात मांडीवर ठेवून सांगेन, "वाढलं रे."